दीड वीत पुढे

सोमवार, २

ही वही मामाच्या कपाटात सापडली. पहिल्या चार पानांवर रंगांचे फराटे मारून पाहिलेले होते, ती फाडली. आता वही माझी.

तर मी इथे आहे. मामाच्या बोटींच्या धक्क्यावर, इंजिनांच्या शेडवरच्या खोलीत. एक खाट, एक खिडकी, खिडकीबाहेर तलाव. खालून डिझेलचा वास येतो, बाहेरून ओल्या लाकडाचा. बोटवाले हंगामात येतात आणि हंगाम अजून सुरू व्हायचाय. दिवसभर मामा, मी आणि पाणी. तिघांत पाणीच जास्त बोलतं.

आईने शेजाऱ्यांना सांगितलंय की मी हवापालटाला आलोय. खरं काय ते शेजाऱ्यांनाही माहीत आहे. दुसऱ्या वर्षाच्या मध्यातच कॉलेज सोडलं. कँटीनमध्ये वर्गातला उंच्या तिच्याबद्दल काहीतरी बोलला, मी जेवणाचा ट्रे उचलला आणि दिला त्याच्या कानफटात. प्राचार्य म्हणाले, माफीपत्र लिहून दे. मी म्हणालो, त्याने लिहावं. प्राचार्य म्हणाले, मग वर्गात बसू नकोस. मी म्हणालो, नाही बसत. संपलं.

तिचं नाव इथे लिहिणार नाही. मामा वही वाचणाऱ्यांतला नाही, पण तरी. ती म्हणजे ती. त्या दिवसापासून ती माझ्याशी धड बोललेली नाही. हादरली असणार. आपल्यासाठी कुणी एवढं करेल असं वाटलं नसेल तिला.

बुधवार, ४

आज लिफ्ट शिकलो. शिकलो कसला, मामाच्या शिव्या खाल्ल्या.

धक्क्यालगत चार खांब, त्यांच्यामध्ये तारांवर टांगलेली लोखंडी चौकट. मामा तिला पाळणा म्हणतो. पाळण्यावर दोन लांब फळ्या, वर जाड गालिचा ठोकलेला. पाळणा पाण्यात बुडवायचा, बोट तरंगत त्याच्यावर आणायची, बटण दाबून धरायचं, पाळणा वर. बोट फळ्यांवर बसते आणि पाण्याबाहेर येते. ऐकायला इतकं सोपं की पाचवीतलं पोर करेल.

पण पाणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मी बोट घेऊन खांबांमध्ये शिरलो तो धाडकन डाव्या खांबावर.

"ब्रेक शोधतोयस का?" मामा वरून ओरडला. "बोटीला ब्रेक नसतो भाचेबुवा!"

"मग थांबवायची कशी?"

"आधीच. नव्या नवरीसारखं शिरायचं. धावत नाही, अडखळत नाही, बघत बघत."

दुसऱ्यांदा नवरीसारखा शिरलो तर वाऱ्याने बोट आडवी केली. तिसऱ्यांदा शिरलो नीट, पण बटण एकदम वरपर्यंत दाबलं. बोट एका फळीवर बसली, दुसरीवर नाही, आणि कलंडली. मामाने बटणावरचा माझा हात अक्षरशः उपटून काढला.

"फळी लागली की थांब. डावीकडे बघ, उजवीकडे बघ. पुढे किती, मागे किती. मग वर. तिला पाठीत कळ आली तर ओरडायला तोंड नाही."

तोंड नसलेल्या वस्तूंचा मामाला फार कळवळा. माझं तोंड दिवसभर गप्प आहे त्याचं काही नाही.

शनिवार, ७

बसली! डावं-उजवं सारखं, पुढचं टोक अडवायच्या ठोकळ्याला टेकलेलं, मागचा भाग बरोबर फळ्यांच्या शेवटाशी. मामाने नुसती बिडी पेटवली. त्याची शाबासकी ती.

मी लगेच फोटो काढून तिला पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: "छान. काळजी घे."

काळजी घे! नुसतं छान म्हणून सोडता आलं असतं तिला. त्यापुढे ती थांबली, विचार केला, आणि दोन शब्द जास्त टाईप केले. काळजी आपण कुणाला घ्यायला सांगतो? भाजीवाल्याला नाही सांगत.

मी ठरवलंय. २२ तारखेच्या रविवारी तिला इथे बोलवायचं. दुपारी बस येते, चारला परत जाते. मी उनाड, मारकुटा, अर्धवट, हे सगळं तिने इतरांकडून ऐकलंय. एकदा तिने मला बोट लावताना पाहिलं की झालं. दुसरं काही बोलावं लागणार नाही. ती आली तर सगळं सरळ होईल. नाही आली तर... ते लिहीत नाही.

सोमवार, ९

शेवटच्या लिफ्टवरची पांढरी बोट कप्तानाची. हा कप्तान आयुष्यभर पोस्टात खिडकीमागे बसलेला माणूस. टोपी घालतो म्हणून कप्तान. गेल्या हंगामापासून तो आलाच नाही, बायको आजारी आहे म्हणे.

त्याची बोट चुकीची बसलेली आहे. चुकीची म्हणजे चुकीचीच, दीड वीत मागे. पुढचा ठोकळाच तसा ठोकलाय. त्यामुळे मागचा भाग, इंजिनसकट, फळ्यांच्या बाहेर हवेत लोंबतोय. मी लिफ्टची पुस्तिका काढून वाचली. स्वच्छ लिहिलंय: मागच्या कडेखाली फळी हवीच, नाहीतर तळ वाकतो.

मामाला दाखवलं.

"माहितीय," मामा म्हणाला.

"माहितीय? मग?"

"कप्तानाने तशी मागितली. काकूंना चढायला बरं पडतं."

"चढायला बरं पडतं म्हणून बोटीची पाठ मोडायची? शिडी लावा की!"

"त्याची बोट, त्याची मर्जी."

याला म्हणतात कळतं पण वळत नाही. एका बाईच्या आळसापायी चांगली बोट मोडणार, आणि परवा हाच माणूस मला पाठीतली कळ शिकवत होता.

तिला २२ चं निमंत्रण पाठवलं. उत्तर नाही. परीक्षा जवळ आलीय तिची.

गुरुवार, १२

मामा तारा आणायला शहरात गेलाय, रविवारी येईल. जाताना म्हणाला, "कशाला हात लावू नकोस." आपल्या भाच्याला ओळखत नाही अजून.

सकाळी वारा नव्हता. कप्तानाची बोट खाली घेतली, ठोकळ्याचे बोल्ट काढले, दीड वीत पुढे बसवला. बोट आणली. फळी लागली, थांबलो, सगळीकडे बघितलं, वर. सपाटी बघायची बुडबुड्याची नळी आडवी ठेवली, बुडबुडा मधोमध. मागची कड फळीवर, जशी पुस्तिकेत आहे तशी. या धक्क्यावर इतकी सुरेख बसलेली दुसरी बोट नाही.

एकच झालं. बोटीच्या कुशीला एक छोटं दार आहे, ते आता नेमकं खांबासमोर येतं. पण दार हवं कशाला? कठडा ओलांडला की आत. काकूंसाठी दोन पायऱ्यांची शिडी केली. कोपरे घासले, वार्निशसुद्धा मारलं.

फोटो पाठवला. "छान," एवढंच. पण लगेच आलं, दोन मिनिटांत. म्हणजे फोन हातातच होता, आणि हातात का होता?

शेडमध्ये एकट्याने जेवलो. मामा असला की वैताग येतो, नसला की ताट वाजतं.

शनिवार, १४

आज कप्तान आला. काकूंना घेऊन.

माझ्या डोक्यातल्या काकू जाडजूड आणि लाडावलेल्या होत्या. गाडीतून आधी वॉकर उतरला आणि त्यामागून मूठभर बाई. फाटकापासून धक्क्यापर्यंत यायला त्यांना इतका वेळ लागला की मी मधल्या वेळात दोरी गुंडाळून ठेवली, सोडली, परत गुंडाळली. कप्तान शेजारून चालत होता, हात लावत नव्हता.

बोटीपाशी आल्या आणि थांबल्या.

"दार लाजलंय वाटतं," काकू म्हणाल्या. "खांबामागे लपलंय."

मी पुढे झालो. "काकू, बोट चुकीची बसत होती. मी नीट केली. ही तुमच्यासाठी शिडी."

त्यांनी शिडीवरून बोट फिरवलं. "तू केलीस? सुबक आहे रे." मग कप्तानाकडे बघून, "हे आपल्याला नाही जमायचं हो."

"उचलतो तुला," कप्तान म्हणाला.

"गोणी आहे का मी?"

तेव्हा कप्तानाने मला सांगितलं की पाळणा धक्क्याच्या बरोबरीने थांबला आणि दार धक्क्यासमोर आलं, की काकू वॉकर घेऊन सरळ चालत आत जातात. पायरी नाही, उंबरा नाही. आत बसल्या की पाळणा खाली. दवाखान्यातून सुटल्यावर आज पहिल्यांदा त्या घराबाहेर पडल्या होत्या. इतक्या शांतपणे सांगितलं, जसं काही पोस्टाचं तिकीट किती लागेल ते सांगतोय.

मी म्हणालो, आत्ता मागे घेतो, दोन मिनिटं. बोट खाली घेतली. तोवर आडवा वारा सुटला होता. एकदा तिरकी आली, बाहेर काढली. पुन्हा तिरकी. तिसऱ्यांदा मी चिडून इंजिन रेटलं आणि बोट खांबावर आदळली. वर काकूंनी डोक्यावरून शाल घेतली.

"आज राहू दे," कप्तान म्हणाला.

दोघं धक्क्यावरच बसले, थर्मासमधला चहा प्यायले. मलाही विचारलं. मी नको म्हणालो. मग ती सगळी वाट परत, वॉकर, वॉकर, वॉकर, गाडीपर्यंत.

मामाने सांगितलं होतं. पण असं नव्हतं सांगितलं! नुसतं चढायला बरं पडतं म्हटल्यावर माणसाने काय समजायचं?

शिडी शेडमागे फेकली. वार्निश अजून चिकट होतं.

रविवार, १५

मामा आला, बघितलं, तारांचं भेंडोळं खाली ठेवलं. म्हणालो, एकदाच काय ती शिवी दे.

"शिवी कसली? बोटीपुरतं तुझं बरोबर आहे. मीही कप्तानाला हेच म्हणालो होतो, मागून तडकेल. तो म्हणाला, तडकू दे, बोट आमच्यापेक्षा जास्त टिकून काय करणार आहे?"

"मग मला हे का नाही सांगितलंस?"

"तू ऐकत होतास? तू शिडी सांगत होतास."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, मी चाललो, सांभाळ तुझे पाळणे. वर येऊन बॅग भरली. मामा जिन्याखाली उभा.

"जा. कॉलेज अर्धं, धक्का अर्धा. आता पुढचं काय अर्धं सोडायचं तेवढं आईला कळव, तिला शेजाऱ्यांना सांगायला बरं."

बॅग भरलेली आहे. बस उद्याच आहे. आईचा मेसेज आलाय: "मामाचं ऐकतोस ना?" हो म्हणून टाकलं.

सोमवार, १६

गेलो नाही.

सकाळी जाण्याआधी म्हणून कप्तानाच्या बोटीखाली पाण्यात शिरलो. मागच्या कडेपाशी, जिथे ती इतकी वर्षं लोंबत होती, तिथे केसासारखी रेघ. नखाने खरवडली, रंग सुटला, रेघ राहिली. तडा पडायला लागलाय. म्हणजे मी बरोबरच होतो. आणि बरोबर असून काही उपयोग नव्हता. बोट पुढे ठेवली तर काकू बाहेर, मागे घेतली तर तडा वाढणार.

बराच वेळ पाण्यात उताणा तरंगत वर बघत होतो. पाळणा असा चारी बाजूंनी कधी पाहिलाच नव्हता. मग डोक्यात आलं की मी काय, कप्तान काय, दोघंही बोटच सरकवतोय. फळ्या का नाही सरकवत?

मामाकडे धावलो. फळ्या लांब करायच्या! मागे दीड वीत वाढवायच्या, बोट मागेच राहू दे!

मामाने बिडी विझवली. "नुसत्या फळ्या वाढवून भागत नाही. इंजिनाचा भार मागे जाईल. मागची आडवी तुळईसुद्धा सरकवावी लागेल."

"मग सरकवू."

"बॅग?"

"कपडे धुवायचेत."

बुधवार, १८

दोन दिवस फळ्या. मामाकडे सागाच्या दोन होत्या, कुठल्या तरी मोडक्या बोटीतल्या. रंधा मारून घेतल्या, कडा गोल केल्या, गालिचा ठोकला. खिळे कडेला, पोटाकडे एकही नाही. पोटाकडचा खिळा म्हणजे बोटीला खरूज. तुळईचे बोल्ट गंजून जाम झाले होते. एक तर मी हातोडीने मारून मारून तोडला आणि मामाने पहिल्यांदा माझ्या रागाचं कौतुक केलं. "हा असा वापर. माणसांवर नको, बोल्टवर."

मामाने विचारलं, ती मुलगी येणार आहे ना रविवारी? मी म्हणालो, तुला कुणी सांगितलं? तर म्हणे, तू झोपेतसुद्धा धक्का झाडतोयस.

तड्यावर मामाने लेप भरला. रविवारी सकाळी कप्तान आणि काकू येणार. कप्तानाला फोन मीच केला. तो म्हणाला, "तिला विचारून सांगतो." मग मागून काकूंचा आवाज, "शिडी असली तर नाही येणार म्हणावं!"

शुक्रवार, २०

तिचा फोन! मीच केला, पण तिने उचलला.

पाच-सात मिनिटं बोललो. बहुतेक मीच. फळ्या, तुळई, काकू, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं वाटलं ऐकून." अभ्यास कसा चाललाय विचारलं तर म्हणाली, बरा चाललाय, उंच्याने नोट्स दिल्यात. त्या माकडाला एवढी तरी लाज उरलीय म्हणायची. म्हणजे माझ्या ट्रेचा परिणाम झालाच.

मी म्हणालो, रविवारी येतेयस ना? पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बघते."

बघते! नाही म्हणाली नाही.

मामाला सांगितलं. मामा तारेला ग्रीस लावत होता. "बघते म्हणाली?" एवढंच बोलला आणि मान न वर करता पुढच्या तारेकडे वळला. या माणसाला कुणाचा आनंद बघवत नाही.

खोली झाडली. खाटेखाली आधीच्या कुणाची तरी एक चप्पल निघाली. इथे कोण राहत होतं, कोण जाणे. मामाही सांगत नाही.

रविवार, २२

सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. मामा म्हणाला, काढ, ग्रीस लागेल. नाही काढला.

बस धक्क्यावरूनच दिसते. चौघं उतरले. त्यांत ती नव्हती. म्हटलं पुढच्या गाडीने येईल. पुढची गाडी नसते हे मला माहीत आहे.

कप्तान आणि काकू सकाळच्याऐवजी दुपारीच आले, काकूंना सकाळी बरं नव्हतं. मी पाळणा धक्क्याच्या बरोबरीला आणून थांबवला. ठोकळा परत मागे, बोट जुन्या जागेवर. दार धक्क्यासमोर. मागे नव्या फळ्या कडेच्याही बाहेर बोटभर डोकावत होत्या. मामा वाकून तारा बघून आला, चारी सारख्या ताणलेल्या. मग तो पलीकडच्या टोकाला इंजिन खोलून बसला, इकडे ढुंकूनही बघितलं नाही.

काकू वॉकर घेऊन आत गेल्या. खरंच, चालत. घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसं.

मी बटण दाबलं. ते दाबून धरावं लागतं, सोडलं की पाळणा थांबतो. अर्ध्यावर असताना खिशात फोन थरथरला. एक हात बटणावर, डोळे फळ्यांवर. पुन्हा थरथरला. मी तसाच. बोट पाण्याला टेकली, फळ्या पोटापासून सुटल्या, तळ डुलायला लागला. कप्तानाने टोपी नीट केली आणि दोघं गेले.

मग वाचलं.

"मी येणार नाहीये. आज नाही आणि नंतरही नाही. फोनवर सांगायला हवं होतं, जमलं नाही. उंच्या काय बोलला ते मी ऐकलं होतं, त्याला उत्तर मीच देणार होते. तू मारलंस आणि मग सगळं तुझंच झालं. मी कँटीनमध्ये जाऊ शकत नव्हते कितीतरी दिवस. रागावू नकोस. रागावलास तरी इकडे येऊ नकोस. तू तिथे चांगलं काम करतोयस, ते मनापासून म्हणते."

कानशिलं तापली. चारची बस उभीच होती. एका तासात तिच्या दारात उभा राहू शकलो असतो. काय काय बोलायचं ते सगळं तयार होतं, वाक्यं आपोआप येत होती. मी धक्क्यावरून निघालोसुद्धा.

पण पाळणा खाली होता. ती दोघं तलावाच्या मध्यावर, पांढरा ठिपका. वारा फिरला होता, आडवा यायला लागला होता, आणि हे परत आल्यावर कुणीतरी दोरी धरायला हवं. मामाला हाक मारली असती तर आला असता. मारली नाही. का नाही ते अजून नीट कळलेलं नाही.

बसने हॉर्न दिला आणि गेली.

खूप मोठा मेसेज लिहिला. खोडला. त्याहून मोठा लिहिला, तोही खोडला. शेवटी "बरं" एवढंच पाठवलं. तिने वाचलं. पुढे काही आलं नाही. धक्क्याच्या या टोकाला कुणीच नव्हतं. खांबाला पाणी लागत होतं, तेवढाच आवाज. पाळण्याच्या फळ्या पाण्याखाली दिसत होत्या, नवा गालिचा फुगून हिरवट झालेला.

ऊन उतरल्यावर बोट आली. वाऱ्याने पुढचं टोक फिरवायला सुरुवात केली, मी कप्तानाला इंजिन बंद करायला सांगितलं आणि दोरीने हळूहळू ओढून आत घेतली. ठोकळ्याला टेकली. फळी लागली, थांबलो. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पुढे, मागे. मग वर, धक्क्याच्या बरोबरीपर्यंत.

कप्तानाने दार उघडलं. काकू उठल्या. गाल वाऱ्याने लाल झाले होते. वॉकर त्यांनी आधी धक्क्यावर टेकवला.

"हात देऊ का, काकू?" मी विचारलं.

"नको रे," त्या म्हणाल्या.

मी दोन पावलं मागे सरकून उभा राहिलो. त्यांना खूप वेळ लागला.